सात खुर्च्या

ग्रामपंचायतीच्या कार्यालयासाठी खुर्च्या मागवण्याचे पत्र मी स्वतः लिहिले होते. सदस्य नऊ होते. खुर्च्या मी सात मागवल्या. मागणीच्या नमुन्यात कारणाचा रकाना असतो. त्यात 'सर्व सदस्यांच्या बैठकीसाठी' असे लिहिले. सरपंचांनी सही केली, तालुक्याने मंजुरी दिली, खुर्च्या बोईसरपर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने आल्या. इतक्या हातांतून तो कागद गेला, पण नऊमधून सात गेले की किती उरतात, हे कोणी विचारले नाही. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागून एक वर्ष झाले होते, आणि माझे अंकगणित चांगले होते.

उरलेले दोन सदस्य म्हणजे दोन स्त्रिया. पंचायतीच्या कायद्याने दोन जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्यांनी सभेला यावे, अशी कायद्याची अपेक्षा होती. त्यांची नावे यादीत असावीत, एवढीच गावाची होती. या दोन अपेक्षा एकदम पुऱ्या करण्याची एक पद्धत माझ्या आधीच्या ग्रामसेवकाने घालून दिली होती. मी ती पुढे चालवली. तिच्यातून मी स्वतःला आज वेगळे काढत नाही.

पद्धत अशी होती. सभा महिन्यातून एकदा, दुपारी तीन वाजता. पुरुष सदस्य येत, चहा होई, ठराव होत. मी ते ठरावबुकात उतरवून घेई आणि हजर सदस्यांच्या यादीत दोन्ही स्त्रियांची नावे लिही. संध्याकाळी शिपाई ते बुक आणि शाईचे पॅड पिशवीत घालून निघे. आधी तो वाडीत जाई. तेथे सरपंचांच्या थोरल्या भावाची पत्नी राहत असे. ती एक सदस्य. मी दोनदा शिपायाबरोबर गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दाराआडून एक हात बाहेर येई, अंगठा पॅडवर आणि मग कागदावर टेके, हात आत जाई. अंगठ्यावर विळीने झालेली एक आडवी खूण होती. ठशातही ती उमटे. चेहरा मी कधी पाहिला नाही.

दुसरी सदस्य किनाऱ्यावरच्या आळीत राहणारी एक विधवा. चाळिशीची असावी. रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन एस.टी.ने बोईसरला जाई आणि दिवेलागणीला परते. सरपंचांनी तिचे नाव सुचवले ते याच कारणाने. बाई दिवसभर बाजारात असते, सभेचा तिला त्रास नाही, असे ते मला म्हणाले होते. शिपाई तिला एस.टी.च्या थांब्यावर गाठी. ती पाटी न उतरवता अंगठा देई. काय लिहिले आहे, असे दर वेळी विचारी. शिपाई दर वेळी 'नेहमीचंच' असे सांगे. ते खोटे नव्हते.

अंगठा घेणे गरजेचे होते, कारण सलग सहा महिने गैरहजर राहिलेल्या सदस्याचे पद जाते. पद गेले की जागा रिकामी, जागा रिकामी की निवडणूक, आणि निवडणूक म्हणजे मला तीन महिन्यांचे काम.

गावाचे नाव देत नाही. ते बोईसरहून तारापूरकडे जाताना समुद्राला टेकलेले आहे. एका अंगाला वाड्या: नारळ, चिकू, पानवेली. दुसऱ्या अंगाला मासेमारांची आळी. साठचे दशक निम्मे सरले होते. तारापूरला विजेच्या केंद्राचे बांधकाम चालू होते आणि त्या बाजूचे सगळे रस्ते रुंद होत होते. जेथे एस.टी. सोडून वर्षाला दोन मोटारी दिसत, तेथे दिवसाला वीस ट्रक दिसू लागले. रस्त्यांना खडी पुरवणारा एक कंत्राटदार गावात आला. त्याला खडी साठवायला जागा हवी होती. आळी आणि समुद्र यांच्यामधली सरकारी मोकळी जागा त्याला पसंत पडली.

ती जागा मोकळी नव्हती. ते मासळी वाळवण्याचे खळे होते. दिवाळीनंतर तेथे बांबू उभे करून आडव्या वलांड्या बांधत आणि त्यांवर बोंबील टांगत. खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा आणि करंदी ही बारीक कोळंबी पसरत. पावसाळ्याचे चार महिने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा आळी जे विकते आणि खाते, ते हिवाळ्यात या खळ्यावर वाळलेले असते. आणि आळीचा रिवाज असा, की होडी, जाळे आणि समुद्र पुरुषांचे. मासळी वाळूला लागली की ती बायकांची. वाळवायची, विकायची की ठेवायची, हे बाई ठरवते. नवऱ्याने त्यात तोंड घालायचे नसते आणि तो घालतही नाही. हे मला माहीत होते. ठराव लिहिताना ते आठवले नाही.

त्या मंगळवारी सभेला चार पुरुष आले. उरलेल्या तिघांपैकी दोघे एका लग्नाला गेले होते आणि तिसरा, आळीतला एकमेव पुरुष सदस्य, समुद्रावर होता. सभा कायदेशीर ठरायला नवातले पाच हजर लागतात. मी नेहमीप्रमाणे दोन स्त्रिया हजर लिहिल्या; सहा झाले. खडी साठवण्यास हरकत नाही, असा ठराव सरपंचांनी मांडला. अनुमोदन कोणाचे लिहू, असे मी विचारले.

सरपंच म्हणाले, "किनाऱ्यावरच्या बाईंचं लावा. तिकडचं माणूस असलं म्हणजे बरं दिसतं."

मी लावले. 'एकमताने मंजूर' असे लिहिले आणि खाली रेघ ओढली. संध्याकाळी शिपायाने अंगठे आणले.

पंधरा दिवसांनी खळ्यावर पहिला ट्रक रिकामा झाला. बोंबलाची वेळ होती. बांबू आळीत येऊन पडले होते, ते पुरायचे तेवढे बाकी होते. किनाऱ्यावरच्या बाई बाजारातून परतल्या तेव्हा खडीचे ढीग त्यांच्या कमरेपर्यंत आले होते. आळीतल्या बायका आधीच मुकादमाशी भांडत होत्या. मुकादम परप्रांतातला होता. भांडण त्याला फारसे कळत नव्हते आणि तो चिडलाही नव्हता. त्याने खिशातून ठरावाची नक्कल काढली, बोट ठेवले, आणि बाईंना म्हणाला, "तुम्हारी पंचायत ने दिया है, मौसी. ये देखो, नीचे तुम्हारा ही अंगूठा है."

बायकांनी मुकादमाकडे पाहणे सोडले आणि बाईंकडे पाहिले. हे मला नंतर शिपायाने सांगितले. त्या दिवसापासून आळीत बाईंच्या हातचे पाणी कोणी घेईना, असेही त्याने सांगितले. खळे एकट्या बाईंचे नव्हते; चाळीस घरांचे होते. ते बाईंनी विकून खाल्ले, अशी आळीची समजूत झाली.

पुढच्या सभेला सातही पुरुष आले. आळीतला सदस्यही आला, पण तो खाली पाहून बसला. चहा येत असताना बाई दारात उभ्या राहिल्या. बाजारातून परस्पर आल्या होत्या. सातही खुर्च्या भरलेल्या होत्या. मी टेबलामागे स्टुलावर होतो. पुढे गावात असे सांगत, की मी उठून बाईंना माझी जागा दिली. ते खरे नाही. मी उठलो नाही, कोणीच उठले नाही. बाईंनी पाटीतून मासळी कापण्याचा लाकडी पाट काढला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर बसल्या. खोलीत मासळीचा वास आला. सरपंचांनी नाकाला रुमाल लावला.

"भाऊसाहेब," बाई मला म्हणाल्या, "खल्याचं काय लिवलंय ते वाचा."

मी सरपंचांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली नाही. नकारही दिला नाही. मी वाचले. अनुमोदनाच्या ओळीवर बाईंनी हात वर केला.

"अनुमोदन म्हंजे काय?"

"एकाने सुचवले, की दुसऱ्याने हे योग्य आहे, असे करावे, म्हणून सांगायचे. ते दुसरे तुम्ही."

"मी कवा सांगितलं?"

मी तारीख सांगितली. मंगळवार, दुपारी तीन.

बाईंनी थोडा वेळ हिशेब केला. मग म्हणाल्या, "त्या मंगलवारी तीन वाजता मी बोयसरला टेसनाभायेर बसलेली. तुमच्या घरातली बाई माझ्याकडनं बोंबलाचे दोन वाटे घेऊन गेली. सुरमई मागत होती, मी म्हटलं आज नाय. इचारा तिला."

विचारण्याची गरज नव्हती. ते बोंबील मी त्याच संध्याकाळी खाल्ले होते. ताजे होते.

सरपंच हसले. मासळी विकायची सोडून आता कायदा विकायला बसलीस का, असे त्यांनी विचारले. दोघेतिघे हसले.

"मासली इकीनच, तात्या," बाई म्हणाल्या. "पन वालवू कुठं? तुमच्या चिकूच्या वाडीत वालवू? वासानं चिकू पिकतील तरी लवकर."

या वेळी ते दोघेतिघे हसले नाहीत. आळीतला सदस्य हसला आणि लगेच थांबला.

बाईंची मागणी एकच होती. त्या दिवशी त्या हजर नव्हत्या, हे बुकात लिहावे. मी त्यांना समजावले, की ठरावबुकातले खोडता येत नाही. उमटलेला अंगठा परत घेता येत नाही.

"खोडू नका. खाली लिवा. जागा हाय."

जागा होती. पानाचा खालचा तिसरा भाग कोरा होता. मी पुढच्या सभेत पाहू असे म्हणून बुक मिटले. बाईंनी पाट उचलला आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच माझ्या बिऱ्हाडी आले. हा मान त्यांनी पूर्वी कधी दिला नव्हता. त्यांनी धमकी दिली नाही. चहा घेतला, नारळाच्या भावाविषयी बोलले आणि उठताना म्हणाले, "भाऊसाहेब, तिचा अंगठा खोटा ठरला, तर त्याखालची तुमची सहीही खोटी ठरते."

विधान अचूक होते.

ते गेल्यावर पत्नी बाहेर आली. ती सातवी पास होती आणि सर्व ऐकत होती. ती म्हणाली, "बाई खरं सांगतेय. मी तिथेच होते." मग कपबश्या उचलत तिने विचारले, "अहो, माझ्या नावानं काय काय लिहिलंय तुम्ही?"

गावात महिला मंडळ असावे, असा वरून आदेश होता. मंडळ होते. त्याची चिटणीस माझी पत्नी होती आणि त्याच्या अकरा सभा झाल्या होत्या. यांपैकी काहीही तिला माहीत नव्हते.

त्या दुपारी मी तालुक्याला पत्र लिहिले. सहा ओळींचे. अमुक तारखेच्या सभेस महिला सदस्या प्रत्यक्ष उपस्थित नव्हत्या, त्यांचे अंगठे नंतर घेण्यात आले, नोंद माझ्या हातची आहे. याला कोणी धैर्य म्हणू नये. खोटे लिहिण्याचे मला वावडे नव्हते. वर्षभर लिहीत होतो. मात्र माझ्या लिखाणाविरुद्धचा साक्षीदार तोवर माझ्याच घरात राहत नव्हता.

दहा दिवसांनी चौकशीला एक अधिकारी आले. सातांपैकी एका खुर्चीवर बसले. बाईंचा जबाब घेतला, माझ्या पत्नीचाही घेतला. पत्नीने बोंबलाच्या वाट्यांची संख्यासुद्धा सांगितली. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. मग त्यांनी बुक पाहिले आणि जे सांगितले, त्याने सरपंचांचा चेहरा निवळला. किनाऱ्यावरच्या बाई गैरहजर धरल्या, तरी चार पुरुष आणि वाडीतल्या बाई असे पाच उरतात. पाच पुरेसे आहेत. अनुमोदकाचे नाव चुकले ही ग्रामसेवकाची चूक. ती दुरुस्त होईल, ग्रामसेवकाची चौकशी होईल, आणि ठराव कायम राहील.

बाईंना मी हे सोप्या शब्दांत सांगितले. म्हणजे माझी नोकरी जाईल आणि खळेही जाईल, असे त्याचे सार होते. बाई म्हणाल्या, "ती दुसरी कोन हाय, भाऊसाहेब?"

तीन वर्षे दोघी एकाच पानावर अंगठा देत होत्या. एकमेकींना ठाऊक नव्हत्या.

मी अधिकाऱ्यांना म्हणालो, की पत्रात 'महिला सदस्या' असे अनेकवचन आहे. दुसऱ्या सदस्येचाही जबाब व्हावा. सरपंच म्हणाले, वहिनी घराबाहेर पडत नाहीत, त्यांचे मी सांगतो. अधिकारी कंटाळले होते, पण नियमाचे होते. म्हणाले, आपण जाऊ.

आम्ही वाडीत गेलो. अधिकारी, सरपंच, मी, शिपाई. किनाऱ्यावरच्या बाई मागून आल्या आणि अंगणाबाहेर नारळाला टेकून उभ्या राहिल्या. ओटीवर अधिकाऱ्यांना आसन दिले. स्वयंपाकघराचे दार अर्धे लोटलेले होते. सरपंचांनी दाराकडे तोंड करून सांगितले, की साहेब त्या मंगळवारच्या सभेचे विचारतात. वहिनी, तुम्ही आला होता, हो म्हणा. अधिकाऱ्यांनी त्यांना थांबवले आणि प्रश्न पुन्हा स्वतः विचारला. बाई, तुम्ही सभेला होता का?

आत भांडे खाली ठेवल्याचा आवाज झाला. मला वाटले, नेहमीप्रमाणे हातच बाहेर येईल.

दाराआडून आवाज आला, "पंचायतीचं घर मी बाहेरूनच पाहिलंय, भाऊजी. देवळात जाताना."

सरपंच म्हणाले, वहिनींना प्रश्न समजला नाही. अधिकाऱ्यांनी तो तिसऱ्यांदा विचारला.

"समजला," आवाज म्हणाला. "आत कधी गेले नाही. आतून कसं आहे ते?"

शेवटचा प्रश्न कोणाला होता, ते कळले नाही. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, एक खोली आहे, दोन खिडक्या, सात खुर्च्या.

हजर चार. लागतात पाच. सभाच झाली नव्हती. मग ठराव कोठून होणार? अधिकाऱ्यांनी जबाब लिहिला, शिपायाने पॅड पुढे केले, हात बाहेर आला. अंगणाबाहेर किनाऱ्यावरच्या बाई तेथेच खाली बसल्या. तब्येत बिघडली असे वाटून शिपाई पाणी घेऊन धावला. त्या केवळ बसल्या होत्या.

सरपंच भावजयीशी कित्येक महिने बोलले नाहीत, असे ऐकले. पूर्वी किती बोलत असत, याची मला माहिती नाही.

खडी उचलायला कंत्राटदाराने फाल्गुनापर्यंत वेळ लावला. निम्मा हंगाम गेला. तोवर बायकांनी ढिगांच्या मधल्या जागेत बांबू पुरले आणि ढिगांवरच जवळा पसरला. खडी तापत असल्याने जवळा लवकर वाळे, असे बाईंनी मला सांगितले. मात्र खाताना कच दातांखाली येई. त्या वर्षीच्या जवळ्याबद्दल बोईसरच्या बाजारात तक्रारी झाल्या. आळीतल्या बायका बाईंकडून पुन्हा पाणी घेऊ लागल्या. क्षमा कोणी मागितली नाही.

मला लेखी ताकीद मिळाली आणि डोंगरपट्ट्यातल्या एका गावी बदली झाली. नोकरी गेली नाही. पत्नीने सामान बांधताना महिला मंडळाचे बुक मागून घेतले, अकराही सभा वाचल्या, आणि बाराव्या सभेची तारीख मला विचारली. ती नव्या गावात झाली. बायका सात आल्या. मी बाहेर बसलो होतो.

पण त्याआधी, बदलीवर जाण्यापूर्वी, पंचायतीची एक शेवटची सभा झाली. किनाऱ्यावरच्या बाई आल्या, सोबत पाट होताच. थोड्या वेळाने दारात दुसऱ्या एक बाई दिसल्या. डोक्यावरून पदर, मागे शिपाई. त्या उंबऱ्याशी थांबल्या. खोली पाहिली, खिडक्या पाहिल्या. मी सांगितले ते बरोबर आहे की नाही, हे तपासत असाव्यात. किनाऱ्यावरच्या बाई पाटावर थोड्या सरकल्या. पाट लहान होता. दोघी त्यावर कशाबशा मावल्या.

खळे मासळी वाळवण्यासाठीच राखून ठेवावे, असा ठराव किनाऱ्यावरच्या बाईंनी मांडला. शब्द माझे होते, सांगणे त्यांचे. अनुमोदन कोणाचे, असे मी विचारले आणि लेखणी थांबवली. पुरुषांपैकी कोणी बोलेना. आळीतला सदस्य बोलणार होता, तेवढ्यात वाडीतल्या बाई म्हणाल्या, "माझं लिहा."

सरपंच खिडकीबाहेर पाहत राहिले. विरोध त्यांनी केला नाही. तेही मी लिहिले.

सभा संपल्यावर शिपायाने सवयीने बुक आणि पॅड पिशवीत भरायला घेतले. मी ते टेबलावर ठेवायला सांगितले. दोघी टेबलाशी आल्या. वाडीतल्या बाईंचा चेहरा मी प्रथमच पाहिला. अंगठा ओळखीचा होता.

सर्व गेल्यावर मी मागणीचा नमुना काढला. खुर्च्या, नग दोन. कारणाच्या रकान्याशी काही वेळ थांबलो. योग्य शब्द सापडला नाही, म्हणून 'कमी आहेत' एवढे लिहिले आणि सही केली.